समुद्र संपतो तिथून पुढे: स्वित्झर्लंडला घरसामान नेताना

कोटेशन हातात आलं की आकडा नंतर बघा. आधी एक ओळ शोधा: सामान कुठपर्यंत पोचवणार? ‘पोर्टपर्यंत’ असं लिहिलेलं असेल, तर तुमचा पलंग नेदरलँड्समध्ये उतरणार आहे आणि तुम्ही राहायला जाताय स्वित्झर्लंडला.

स्वित्झर्लंडला समुद्र नाही. तिकडे जाणारा कंटेनर बहुधा रॉटरडॅम किंवा अँटवर्पला उतरतो, कधी हॅम्बुर्गला, दक्षिणेकडून आला तर जेनोआला. रॉटरडॅमहून बाझलपर्यंत ऱ्हाइन नदीने आठशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे. बहुतेक लोक जहाजाची काळजी करतात. माझा अनुभव उलटा आहे: समुद्राने काही त्रास दिला नाही. जो काही घोळ झाला तो बंदर ते चौथा मजला एवढ्या टप्प्यात झाला. म्हणून या लेखात पुढच्या भागावरच जास्त वेळ घालवते.

आधी ठरवा, काय न्यायचं नाही

स्वित्झर्लंडमध्ये भाड्याच्या घरात स्वयंपाकघर बसवलेलं असतं. ओटा, शेगडी, ओव्हन, फ्रिज सगळं आलं. कपडे धुण्याचं यंत्र बऱ्याच इमारतींत तळघरात सामाईक असतं आणि त्याची पाळी ठरलेली असते. तेव्हा यंत्र नेलंत तर ते ठेवायचं कुठे हा प्रश्न पडेल. याउलट दिवे मात्र घरात नसतात. आधीचा भाडेकरू आपले दिवे काढून घेऊन जातो आणि छतातून नुसत्या वायरी लोंबत असतात. पहिली संध्याकाळ मोबाइलच्या उजेडात काढायची नसेल तर एक टेबललॅम्प विमानाच्या बॅगेत टाका.

वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. प्लग मात्र त्यांचा स्वतःचा, तीन पिनांचा. युरोपभर चालणारा बारीक दोन पिनांचा प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसतो, जाड गोल पिनांचा बसत नाही. ११० व्होल्टच्या देशातून येत असाल तर मिक्सर, ओव्हन, हेअर ड्रायर तिथेच कुणाला तरी देऊन टाका. गाद्यांची मापं ९० × २००, १६० × २००, १८० × २०० सेंटीमीटर अशी असतात. तुमच्या पलंगाचं माप वेगळं असेल तर पलंग, गादी आणि चादरी हा एकच संच समजा. न्यायचं तर तिन्ही, नाहीतर एकही नाही.

काही गोष्टी न्यायच्याच नसतात. युरोपबाहेरून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नेण्यावर बंदी आहे. रोपं, बिया, माती यांच्या भानगडीत पडू नका. सायकलीच्या चाकाला आणि बागेतल्या फावड्याला चिकटलेली मातीसुद्धा धुऊन काढा. पॉवर बँक, स्प्रेचे डबे, रंग, काडेपेट्या, गॅसची नळकांडी हे कंटेनरमध्ये चालत नाही. हस्तिदंत, कासवाची पाठ, काही जातींचं लाकूड किंवा कातडं यांवर सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आहेत. आजीची जुनी पेटी असली तरी सूट मिळेल असं गृहीत धरू नका.

मग मोजा

समुद्राने जाणाऱ्या घरसामानाचं भाडं वजनापेक्षा आकारमानावर ठरतं आणि ते घनमीटरमध्ये मोजतात. २.१ मीटर लांब, ०.९ रुंद आणि ०.९ उंच सोफा म्हणजे १.७ घनमीटर. मध्यम आकाराची दहा-बारा खोकी म्हणजे एक घनमीटर. टेप घेऊन एक रविवार घालवा आणि प्रत्येक मोठ्या वस्तूपुढे आकडा लिहा. हा कागद पुढे तीन वेळा कामाला येतो: कोटेशनला, विम्याला आणि कस्टम्सला.

२० फुटी कंटेनरच्या आत ३३ घनमीटर जागा असते. पण घरसामान विटांसारखं रचता येत नाही, त्यामुळे २७-२८ घनमीटर बसलं तरी खूप झालं. ४० फुटीत ६७ घनमीटर, तेही कागदावर. सामान याहून बरंच कमी असेल तर दुसऱ्यांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये पाठवता येतं. धंद्यातली मंडळी त्याला एलसीएल किंवा ग्रुपेज म्हणतात, आणि आख्ख्या कंटेनरला एफसीएल. ग्रुपेज स्वस्त पडतं, पण कंटेनर आधी बंदराजवळच्या गोदामात उघडतो, तुमची खोकी वेगळी काढतात आणि दुसऱ्या ट्रकमध्ये भरतात. म्हणजे हाताळणी वाढली. शिवाय एखाद्याचे कागद अडकले की सगळ्यांचाच कंटेनर खोळंबतो. माझं मत विचाराल तर १५ घनमीटर ओलांडलं की आख्ख्या २० फुटीचा भाव मागून बघाच.

विमानाने पाठवायचं असेल तर गणित बदलतं. तिथे एक घनमीटर म्हणजे १६७ किलो धरतात, आणि खरं वजन याहून कमी असलं तरी पैसे १६७ किलोचेच. उशा, रजया विमानाने पाठवणं म्हणजे हवेचं भाडं भरणं. पहिल्या दोन महिन्यांची भांडी, अंथरूण, मुलांची पुस्तकं एवढंच विमानाने.

कोटेशन वाचणे

किमान तीन मूव्हर्सना घरी बोलवा किंवा व्हिडिओवर घर दाखवा. कपाटाच्या आत, माळ्यावर, बाल्कनीत, सगळीकडे कॅमेरा फिरवा. नुसतं ‘दोन खोल्यांचं घर’ सांगून आलेल्या भावावर विसंबू नका. कंपनी फिडी या मूव्हर्सच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची सदस्य आहे का आणि तिच्याकडे त्यांचं फेम हे दर्जाचं प्रमाणपत्र आहे का, हेही विचारा.

मग हे प्रश्न, आणि उत्तरं लेखी:

- दारापासून दारापर्यंत का? कोणता मजला? लिफ्ट नसली तर किती जास्त?
- बंदरातली हाताळणी धरली आहे का?
- बंदर ते घर कशाने: बार्ज (नदीतली सपाट तळाची मालबोट), रेल्वे की ट्रक?
- नदीचं पाणी कमी झालं तर जादा आकार लागणार का?
- मोठा ट्रक गल्लीत शिरला नाही तर लहान गाडीने फेरी मारायचा खर्च कुणाचा?
- रिकामी खोकी परत नेणार का?

शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो. त्याकडे शेवटी येते.

नदीच्या पाण्याचा प्रश्न चेष्टेचा नाही. बाझलला ऱ्हाइनवर खरीखुरी बंदरं आहेत, क्लाइनह्युनिंगन, बिर्सफेल्डन आणि मुट्टेंत्स इथे. समुद्र नसलेल्या देशाला ही वाट मिळते, कारण ऱ्हाइनवरची वाहतूक १८६८ च्या मानहाइम करारापासून सगळ्यांना खुली आहे. पण वाटेत जर्मनीत काउब इथे नदी उथळ आहे. तिथल्या पातळीवर बार्जवाल्यांचा डोळा असतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथल्या मोजपट्टीवर पाणी २५ सेंटीमीटरवर उतरलं होतं. नदीची प्रत्यक्ष खोली त्याहून जास्त असते, पट्टीवरचा आकडा म्हणजे खोली नव्हे, पण पाणी एवढं उतरलं की बार्ज अर्धीमुर्धीच भरावी लागते, आणि उरलेला खर्च माल पाठवणाऱ्यांवर येतो. ऑगस्ट २०२२ मध्येही हेच झालं. रेल्वे तरी भरवशाची म्हणावी, तर २०१७ मध्ये राष्टाट इथे बोगद्याचं काम चालू असताना वरचा रूळ खचला आणि ऱ्हाइन खोऱ्यातली मुख्य लाइन १२ ऑगस्ट ते २ ऑक्टोबर बंद होती. म्हणून ‘इतक्या दिवसांत पोचेल’ या वाक्यावर नव्या घराचं वेळापत्रक बांधू नका. आशियातून निघालेलं जहाज लाल समुद्रातून न जाता आफ्रिकेला वळसा घालून आलं, जसं २०२३ च्या अखेरीपासून बरीच जहाजं करू लागली, तर तिथेच दहा ते चौदा दिवस जास्त जातात. मी दोन महिन्यांची तयारी ठेवली होती. सामान अकराव्या आठवड्यात आलं.

यादी: या सगळ्याचा कणा

प्रत्येक खोक्याला क्रमांक द्या, आणि यादीत क्रमांकापुढे आत काय आहे ते लिहा. इंग्रजी, जर्मन, फ्रेंच किंवा इटालियन चालतं. ‘पुस्तकं, ४० नग, वापरलेली’ ही चांगली नोंद. ‘किरकोळ’ ही वाईट. मी चौदा खोक्यांवर ‘मिसलेनियस’ लिहून मोकळी झाले होते. एजंटचा फोन आला तेव्हा मी नव्या गावात रिकाम्या खोलीत जमिनीवर बसले होते आणि खोकी कुठेतरी पाण्यावर होती. त्या चौदा खोक्यांत काय काय आहे हे मला नवऱ्याबरोबर फोनवर आठवून आठवून लिहावं लागलं. तीन खोक्यांवरून भांडण झालं.

पॅकिंगवाल्यांची स्वतःचीही एक यादी असते, आणि ती सही करण्याआधी नीट वाचा. त्यात वस्तूपुढे दोन-तीन अक्षरी खुणा असतात. ‘पीबीओ’ म्हणजे मालकाने स्वतः भरलेलं खोकं. ‘एससी’ म्हणजे ओरखडा, ‘सीएच’ म्हणजे टवका उडालेला. तुमचं नवंकोरं टेबल ‘एससी, सीएच’ म्हणून नोंदवलं गेलं आणि तुम्ही सही केलीत, तर नंतर खरोखर ओरखडा पडला तरी भरपाई मागायला तोंड उरत नाही. तिथेच खोडायला लावा, आणि टेबलाचा फोटो काढा.

पॅकिंगचा दिवस

पासपोर्ट, भाडेकरार, नोकरीचं पत्र, जन्म-विवाहाचे दाखले, शाळेचे कागद, औषधं, दागिने: हे सगळं एका बॅगेत घाला आणि ती बॅग न्हाणीघरात ठेवून दाराला कुलूप लावा. पॅकिंगवाले दिसेल ते भरतात. आमची स्वयंपाकघरातली कचऱ्याची बादली त्यांनी बबल रॅपमध्ये छान गुंडाळली, कचऱ्यासकट. अकरा आठवड्यांनी ती उघडली तेव्हाचं वर्णन करत नाही.

समुद्रात दिवसा कंटेनर तापतो, रात्री गार होतो, आणि आतल्या हवेतली वाफ छताला धरून थेंब थेंब खाली पडते. त्यामुळे ओलसर काहीही भरू नका. धुतलेला गालिचा आठ दिवस उन्हात टाका. खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि कंटेनरमध्ये लटकवायच्या मोठ्या शोषक पिशव्या आहेत का ते विचारा. लाकडी क्रेट वापरत असतील तर त्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का हवा. तो आयएसपीएम १५ या नियमाचा आहे: लाकूड अगदी गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापवून त्यातली कीड मारल्याची खूण. घरच्या सुताराने ठोकलेल्या पेटीवर तो नसतो, आणि अशी पेटी सीमेवर अडकू शकते.

पलंग, टेबलं खोलली की स्क्रू एका पिशवीत घालून ती त्याच फर्निचरच्या पायाला चिकटपट्टीने बांधायला सांगा. कंटेनरचं दार बंद झालं की सीलचा क्रमांक स्वतः वाचा, फोटो काढा, आणि बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीवर, तोच आहे ना ते पडताळा. त्याच कागदावर तुमचं नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं, अक्षर न अक्षर.

विमा घ्याच

मालकाने स्वतः भरलेल्या खोक्यातली मोडतोड बहुतेक विम्यांत धरत नाहीत. तेव्हा काचसामान पॅकिंगवाल्यांनाच भरू द्या. किंमत लिहिताना तीच वस्तू स्वित्झर्लंडमध्ये नवी घ्यायला काय पडेल ते बघा.

मोडतोड हे विम्याचं एक कारण. दुसरं कारण थोडं विचित्र आहे. जहाज संकटात सापडलं आणि ते वाचवण्यासाठी खर्च झाला, तर समुद्री कायद्यानुसार तो खर्च जहाजमालक आणि जहाजावरच्या मालाचे सगळे मालक मिळून वाटून घेतात. याला जनरल ॲव्हरेज म्हणतात. २३ मार्च २०२१ ला एव्हर गिव्हन हे जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं, सहा दिवसांनी सुटलं, आणि नंतर मालकाने हेच जाहीर केलं. अशा वेळी हमी दिल्याशिवाय माल हातात देत नाहीत. विमा असेल तर हमी विमा कंपनी देते. नसेल तर स्वतःची खोकी सोडवायला खिशातून अनामत भरायची, त्यातली एक बशीसुद्धा फुटलेली नसली तरी.

कस्टम्स: दोन सीमा, एक अर्ज

स्वित्झर्लंड माणसांच्या मोकळ्या ये-जेच्या शेंगेन गटात आहे, पण युरोपियन युनियनच्या जकात संघात नाही. त्यामुळे रॉटरडॅमला उतरलेला कंटेनर युनियनमधून फक्त वाटसरू म्हणून जातो. टी-१ या ट्रान्झिट कागदावर तो स्विस हद्दीपर्यंत येतो, आणि तुमचं खरं कस्टम्स तिथे होतं. कुणी ‘रॉटरडॅमलाच क्लिअर करून टाकू’ म्हणालं तर थांबवा आणि का ते विचारा.

स्विस बाजूला अर्ज क्रमांक १८.४४ भरायचा, घरसामानाचा. सोबत सामानाची यादी, पासपोर्टची प्रत, निवास परवाना किंवा तो मिळणार असल्याचं पत्र, आणि भाडेकरार किंवा नोकरीचं पत्र. अट अशी, की वस्तू तुम्ही परदेशात किमान सहा महिने वापरलेली असावी आणि पुढेही स्वतःच वापरणार असाल. तेवढ्यावर ती शुल्कमुक्त. निघायच्या आधल्या महिन्यात हौसेने घेतलेला टीव्ही या अटीत बसत नाही, त्याची पावती ठेवा आणि यादीत वेगळा दाखवा. औद्योगिक मालावरची जकात स्वित्झर्लंडने १ जानेवारी २०२४ पासून काढून टाकली आहे, पण नव्या वस्तूवर ८.१ टक्के व्हॅट लागतो.

सामान दोन खेपांत येणार असेल, काही विमानाने, काही जहाजाने, तर पहिल्या खेपेलाच दुसरीची यादी दाखवून नोंद करून घ्या. नंतर आठवलं म्हणून सांगितलं तर ऐकून घेतीलच असं नाही. शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा. लिश्टेनश्टाइनला जाणाऱ्यांनाही स्विस जकातीचेच नियम लागू, कारण दोघांचा जकात संघ आहे.

ऑस्ट्रिया, चेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया, हंगेरी किंवा लक्झेंबर्गला जात असाल तर हा भाग तुमच्यासाठी वेगळा आहे. हे देशही समुद्राविना, पण युनियनमधले. तिथे २००९ चा ११८६ क्रमांकाचा नियम लागतो: तुम्ही युनियनबाहेर सलग किमान १२ महिने राहिलेले असावेत, वस्तू सहा महिने वापरलेली असावी, राहायला आल्यापासून १२ महिन्यांत ती आत यावी, आणि शुल्कमुक्त आणलेली वस्तू पुढचे १२ महिने विकायची किंवा भाड्याने द्यायची नाही. दारू, तंबाखू या सवलतीत नाही.

कागद उशिरा तयार झाले तर कंटेनर बंदरात पडून राहतो आणि मोफत दिवस संपले की रोजचा आकार सुरू होतो. बंदरातल्या मुक्कामाचं ते डेमरेज, आणि कंटेनर बाहेर नेऊन रिकामा परत करायला लावलेल्या उशिराचं डिटेन्शन. दोन्ही वेगवेगळी लागतात. म्हणून तुम्ही जहाजाच्या आधी पोचा, दोन आठवडे तरी. पोचल्यापासून १४ दिवसांत गावच्या कार्यालयात नाव नोंदवायचं असतंच, ते आधी उरकून घ्या.

ट्रक दारात

तारीख ठरवताना दोन गोष्टी बघा. रविवारी आणि रात्री १० ते पहाटे ५ या वेळात साडेतीन टनांवरच्या ट्रकना रस्त्यावर बंदी आहे. दुसरं, स्विस लोक घर बदलतात ते ठरावीक तारखांना: झ्युरिकमध्ये मार्च आणि सप्टेंबरअखेर, बर्नमध्ये एप्रिल आणि ऑक्टोबरअखेर. घर बदलण्याला त्यांच्याकडे खास शब्द आहे, ‘त्स्यूगल्न’. त्या आठवड्यात हमाल, गाड्या, काहीच मिळत नाही.

दारापुढची पार्किंगची जागा काही दिवस आधी शहर पोलिसांकडे अर्ज करून राखून ठेवावी लागते. मूव्हर्स करतील असं धरू नका, विचारा. आणि जिना मोजा. आम्ही मोजला नाही. सोफा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकला, खाली आला, आणि प्लॅस्टिक पांघरून फुटपाथवर बसून राहिला. शेवटी बाहेरून खिडकीला शिडीसारखी टेकणारी फर्निचरची लिफ्ट मागवावी लागली. ती दुसऱ्या दिवशी आली. येणारे-जाणारे त्या सोफ्याला वळसा घालून, नम्रपणे ‘ग्र्युएत्सी’, म्हणजे नमस्कार, म्हणत जात होते.

सामान वर येताना एकाने दारात यादी घेऊन उभं राहायचं आणि प्रत्येक क्रमांकावर खूण करायची. फुटलेलं, ओलं, दबलेलं खोकं दिसलं की सहीच्या कागदावर तिथल्या तिथे लिहायचं आणि उघडण्याआधी फोटो काढायचा. विम्याचा दावा करायची मुदत आजच बघून ठेवा.

आता ती रिकामी खोकी. आमची एकशे दहा होती. कचऱ्याच्या पिशवीवर स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी पैसे मोजावे लागतात, आणि पुठ्ठा वेगळा, ठरलेल्या तारखेलाच उचलतात. तोही चपटा करून, दोरीने चौफेर बांधून, आटोपशीर गठ्ठे करून ठेवला तर. चिकटपट्टीने बांधलेला नेत नाहीत, हे आम्हाला पहिल्याच वेळी कळलं. मूव्हर्सनी परत न्यायचं कबूल केलं नसेल, तर सुतळीचा आख्खा गुंडा आणून ठेवा.